हॉलोकॉस्ट शिकायचा आहे आणि शिकवायचाही आहे – कोल्हापुरातून सुरुवात कुठून करू?

केतकी_करवीर (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात बी.एड. करते आहे, इतिहास विषय घेऊन. पुढे एम.ए. करायचं आणि माध्यमिक शाळेतच शिकवायचं, हे पक्कं आहे. सराव पाठांसाठी एका सीबीएसई शाळेत नववीचा वर्ग मिळाला आणि नाझीवादाचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

हॉलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, हे पुस्तकात आहे. मुलं तो आकडा पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. "शिस्त लावायला हिटलरच पाहिजे" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. वर्गातही आलं, आणि "पण त्यानं देश सुधारला ना मॅडम?" हा प्रश्नही आला. प्रश्न विचारणारा मुलगा अजिबात दुष्ट नाही. त्याच्यापर्यंत जे पोचलं तेच तो बोलला.

मला जास्त खटकतं ते असं, की आपल्याकडे हे सगळं एका माणसाच्या वेडाच्या खात्यावर टाकून मोकळं होतात. एक माणूस ६० लाख लोकांना मारू शकत नाही. त्याला याद्या करणारे कारकून लागतात, रेल्वेचं वेळापत्रक आखणारे लागतात, डॉक्टर लागतात, वकील लागतात, आणि शिक्षकही लागतात. मला या लोकांबद्दल शिकायचं आहे आणि तेच नववीच्या मुलांना मराठीतून सांगायचं आहे.

म्हणून विचारते: अभ्यासाची सुरुवात कुठून करावी? फोटो दाखवावेत का? इथल्या वळिवड्याला महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिचा धागा इथे जोडता येईल का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

---

जुना_मास्तर_गडहिंग्लज | सोमवार, रात्री १०:२५

केतकीताई, धागा मनापासून आवडला. वयानं मोठा असलो तरी शिक्षक म्हणून आपण एकाच पंगतीतले, म्हणून ताई म्हणतो.

"देश सुधारला ना?" या प्रश्नावर मुलाला गप्प करू नका, हिशेबाला बसवा. १९३३ च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे ६० लाख बेकार होते आणि पुढच्या काही वर्षांत तो आकडा झपाट्यानं उतरला, हे खरं आहे. पण कामं निघाली ती मुख्यतः शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत. पैसा आला तो मेफो हुंड्यांसारख्या, सरकारी हिशेबात न दिसणाऱ्या कर्जातून. ज्यूंना नोकऱ्यांवरून काढलं, त्यांच्या जागा दुसऱ्यांना दिल्या, आणि काढलेले लोक बेकारांत धरलेच नाहीत. हे कर्ज फेडायचं तर शेजाऱ्यांना लुटण्यावाचून मार्ग नव्हता. १९४५ मध्ये बर्लिन कसं दिसत होतं ते त्याच मुलाला शोधून आणायला सांगा.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याबद्दल. तुम्ही शिक्षक होणार आहात, तर सुरुवात शाळेपासूनच करा. नाझी काळातल्या गणिताच्या पुस्तकात असं उदाहरण होतं: एक मनोरुग्णालय बांधायला ६० लाख मार्क लागतात, १५,००० मार्कांचं एक घर धरलं, तर तेवढ्या पैशात किती घरं झाली असती? भागाकाराचं साधं उदाहरण. उत्तर ४००. मुलानं उत्तर बरोबर काढलं की त्याच्या मनात हेही बसलं, की वेडे लोक घरं खातात. १९३९ पासून त्याच देशात अपंग आणि मनोरुग्णांना मारायची सरकारी मोहीम चालली. टी-४ म्हणतात तिला. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे ७०,००० जण गेले, तेही विषारी वायूनं, डॉक्टरांच्या सहीनं. मोहीम कागदोपत्री थांबवली, पण मारणं थांबलं नाही. तिथले अनुभवी कर्मचारी पुढे पोलंडमधल्या मृत्युछावण्यांवर पाठवले गेले.

आयुष्यभर गणित शिकवलं. हे उदाहरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

---

संभा_उचगाव | मंगळवार, सकाळी ७:१०

वळिवडं आमच्या शेजारीच की ओ ताई. आमचा आज्जा सांगायचा, पोलंडची माणसं हुती, बायका आन् पोरंच जास्त. बाजाराला यायच्या, मोडकं-तोडकं मराठी बोलायच्या. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ हाय, जाऊन बघा. २०२४ ला पंतप्रधान पोलंडला गेले तवा वॉर्सातल्या कोल्हापूरच्या स्मारकावर पण फुलं वाहिली, लई अभिमान वाटला हुता. हिटलरच्या तावडीतनं सुटून आलेली माणसं आपल्या गावानं सांभाळली, ह्येच सांगा पोरांस्नी.

---

अभिलेख | मंगळवार, सकाळी ११:०५

संभादादा, अभिमान रास्तच आहे. एक दुरुस्ती मात्र करायला हवी, कारण केतकीताई हे वर्गात सांगणार आहेत. वळिवड्याला आलेले पोलिश लोक हिटलरच्या छावण्यांतून सुटलेले नव्हते. त्यांना उचललं होतं स्टालिनच्या सोव्हिएत सत्तेनं.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून घुसलं. देश दोघांत वाटला गेला. पूर्व भागातली लाखो माणसं १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात नेली गेली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, पोलंडच्या परागंदा सरकारचा आणि मॉस्कोचा जुलै १९४१ मध्ये करार झाला आणि यातल्या काही लोकांना बाहेर पडता आलं. कॅस्पियन समुद्रातून इराण, तिथून कराची, आणि १९४३ पासून वळिवडे. सुमारे ५,००० लोक १९४८ पर्यंत इथे राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं गाव उभं केलं त्यांनी.

म्हणजे वळिवडे म्हणजे हॉलोकॉस्ट नाही. पण ताई, यातूनच तुमचा पाठ निघू शकतो. ही माणसं बहुतेक पूर्व पोलंडची, म्हणजे ल्वूफ, रूव्ने या बाजूची, आज युक्रेनमध्ये असलेल्या गावांची. त्याच गावांत त्यांचे ज्यू शेजारी मागे राहिले. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य तिथे पोचलं. रूव्नेजवळच्या सोसेंकीच्या जंगलात नोव्हेंबर १९४१ मध्ये दोन-तीन दिवसांत सतरा हजारांहून जास्त ज्यू गोळ्या घालून खड्ड्यांत ढकलले गेले. गॅसच्या छावण्या पुरत्या उभ्याही राहिल्या नव्हत्या तेव्हा. कीवजवळ बाबी यार इथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली, आणि हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालात आहे.

एकाच गावातल्या दोन मुली घ्या. एकीला रशियनांनी सायबेरियात नेलं, ती उपाशी राहिली, आजारी पडली, आणि शेवटी पंचगंगेच्या काठी येऊन वाचली. दुसरी आपल्याच घरात राहिली आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात गेली. नकाशावर या दोन रेषा काढून दाखवा. नाव घ्यायचं तर साक्षींतून खऱ्या मुलींचं घ्या, कल्पनेतून नको.

---

शर्वरी_म | मंगळवार, दुपारी १:३०

अभिलेख, प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. केतकी, दोन रेषांचा नकाशा नक्की कर.

---

वाटसरू | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

विरोधी मत मांडतो, राग मानू नये. युरोपातल्या घटनेचा आपल्याशी संबंध काय? १९४३ मध्ये पोलिश पाहुणे वळिवड्याला येत होते तेव्हाच बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं भुकेनं मरत होती. फाळणीत लाखो मेले, कोटीभराहून जास्त घरदार सोडून निघाले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या आपल्याच माणसांवर शतकानुशतकं काय झालं ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तरी सांगायला नको. हे सगळं आधी नीट शिकवलं जातं का? नाही. मग बी.एड.च्या विद्यार्थिनीनं आपली ताकद जर्मनीवर का खर्चावी?

---

गांधीनगरकर | मंगळवार, रात्री ८:५०

वाटसरू, तुम्ही फाळणीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमचं कुटुंब सिंधमधलं. फाळणीनंतर आम्हा सिंध्यांना कोल्हापूरजवळ जागा मिळाली ती पोलिश लोकांनी रिकाम्या केलेल्या बराकींत. आज लोक कापड घ्यायला ज्या गांधीनगरात येतात ते तेच. एका देशातून हाकललेल्यांच्या खोल्यांत दुसऱ्या देशातून हाकललेली माणसं राहायला आली.

मी शाळेत असताना मला पोलिश लोकांबद्दल कुणी शिकवलं नाही आणि सिंधबद्दलही नाही. एक शिकवलं म्हणून दुसरं राहिलं असं झालंच नाही. दोन्ही राहिलं. घरात आजी सांगायची तेवढंच कळलं. ज्या शिक्षकाला ल्वूफच्या मुलीबद्दल विचारावंसं वाटतं तोच माझ्या आजीबद्दलही विचारेल, असं मला वाटतं. केतकीताईंनी इथून सुरुवात केली तर आमच्या गल्लीतल्या वयस्कर मंडळींशी मी गाठ घालून देईन.

---

केतकी_करवीर | मंगळवार, रात्री ११:२०

गांधीनगरकर, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवला. मी नक्की येणार.

वाटसरूदादा, राग अजिबात नाही. तुमचा प्रश्न मला हवाच होता, कारण मुख्याध्यापक हाच विचारणार आहेत.

९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. त्यामागे राफाएल लेमकिन हा पोलंडमधला ज्यू वकील होता. त्याच्या कुटुंबातली जवळपास सगळी माणसं मारली गेली होती. भारतानं १९५९ मध्ये या कराराला अंतिम मान्यता दिली. करारात मृतांच्या संख्येची अट नाही. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू होता का, हा प्रश्न त्यात आहे. ही कसोटी हातात घेऊन मुलं बंगालचा दुष्काळ तपासू शकतात, फाळणी तपासू शकतात, रवांडातलं हत्याकांड तपासू शकतात. काही ठिकाणी उत्तर 'नाही' येईल आणि तरीही ते दुःख आणि तो अन्याय तसूभरही कमी होणार नाही. मला मुलांना हे वेगळं करायला शिकवायचं आहे. कुणाचं दुःख मोठं, अशी स्पर्धा मी लावणार नाही.

आणि हॉलोकॉस्टच का? कारण तिथे पायऱ्या कागदावर दिसतात. एप्रिल १९३३, ज्यू सरकारी नोकरांना काढलं. त्याच महिन्यात शाळा-कॉलेजांत ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा घातली. सप्टेंबर १९३५, न्यूरेम्बर्गचे कायदे, नागरिकत्व गेलं, इतरांशी लग्नाला बंदी. १९३८ च्या ऑक्टोबरात पासपोर्टवर 'जे' (म्हणजे ज्यू) अक्षराचा शिक्का. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली, सुमारे ३०,००० पुरुषांना पकडून छावण्यांत टाकलं, आणि आठवडाभरात उरलेली ज्यू मुलंही जर्मन शाळांतून बाहेर काढली. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या वान्झे भागातल्या बंगल्यात १५ बडे अधिकारी बसले आणि ज्यूंना संपवायला कुठल्या खात्यानं काय करायचं ते ठरवलं. त्यातले आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. प्रत्येक पायरीवर कुणीतरी टाईप केलं, कुणीतरी सही केली. या पायऱ्यांवर थांबून "इथे कोण काय करू शकलं असतं?" असं विचारता येतं. आपल्या आसपासचं बघायलाही मुलांना यातूनच नजर येईल, असा माझा विश्वास आहे.

---

शर्वरी_म | बुधवार, सकाळी १०:४०

केतकी, मी काही वर्षं हा विषय शिकवते आहे. तू फोटोंचं विचारलं होतंस.

प्रेतांच्या ढिगांचे फोटो नको. मुलं दचकतात, मग बघत राहतात, आणि त्या माणसांना कायमचं तेवढंच रूप चिकटतं. आधी जगणं दाखव: लग्न, दुकान, शाळेचा वर्ग, क्रिकेटसारखाच खेळलेला फुटबॉल. नाटुकलीही नको. एका शाळेत मुलांना, नाझींनी ज्यूंना सक्तीनं लावायला लावले तसे, पिवळे तारे लावून 'तुम्ही ज्यू, तुम्ही सैनिक' असं खेळवलेलं पाहिलं आहे. सैनिक झालेल्या मुलांना मजा आली. बाकी कुणालाच काही कळलं नाही. छावणीत काय वाटत असेल याचा अभिनय चाळीस मिनिटांत होत नाही, आणि तो प्रयत्न करूही नये. आणखी एक, मुलांना अंधारात सोडून तासाची घंटा होऊ देऊ नकोस. शेवटची दहा मिनिटं बोलायला ठेव.

एक गोष्ट मात्र नक्की सांग. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, यानूश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवत. १८ जुलै १९४२ ला त्यांच्या मुलांनी नाटक केलं, आणि ते नाटक होतं रवींद्रनाथांचं 'डाकघर'. खोलीत कोंडलेल्या, खिडकीतून बाहेरचं जग बघत राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाची गोष्ट. मुलांना मृत्यूला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून त्यांनी हे निवडलं, असं सांगतात. चारच दिवसांनी घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे २०० मुलांसह कोर्चाक गेले. त्यांना स्वतःला वाचायची संधी होती. त्यांनी मुलांना सोडलं नाही.

'आपला संबंध काय' याचं उत्तर मी वर्गात या नाटकानं देते.

---

पन्हाळ्याचा_पाऊस | बुधवार, दुपारी ३:१५

ताई, एका प्रश्नाची तयारी ठेवाच: "नेताजी हिटलरला भेटले होते ना?" होय. नेताजी एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले, मे १९४२ मध्ये हिटलरला एकदाच भेटले, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीनं आशियाकडे निघाले. इंग्रजांना घालवण्यासाठी मिळेल ती मदत घ्यायची हे त्यांचं राजकारण. हिटलरकडून भारताच्या स्वातंत्र्याचा ठोस शब्द काही मिळाला नाही. हे लपवू नका, आणि त्यावरून नेताजींना नाझी ठरवणाऱ्यांनाही थारा देऊ नका. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये ज्यूंविषयी सहानुभूतीनं लिहिलं आणि त्यांना सत्याग्रहाचा सल्ला दिला. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी त्यांना उत्तर लिहिलं. नववीला जड आहे, पण अकरावी-बारावीला दोन्ही बाजू वाचून घ्याव्यात अशा आहेत.

आणि दुसऱ्या बाजूला आपले मराठे सैनिक. नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत जर्मनांशी लढताना पडले, शिपाई नामदेव जाधव १९४५ मध्ये तिथेच लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या युद्धाची पदकं आहेत.

---

संभा_उचगाव | बुधवार, रात्री ९:०५

सगळं वाचतुय. अभिलेख सर, वळिवड्याचं नीट सांगितलंसा, बरं झालं. एक विचारू? ज्यूंस्नी गोळ्या घालणाऱ्या त्या जर्मन सैनिकांस्नी जबरदस्ती आसंल की. न्हाई म्हटलं तर त्यांनाच गोळी घातली आसती न्हवं?

---

अभिलेख | बुधवार, रात्री १०:३०

संभादादा, हा प्रश्न युद्धानंतरच्या खटल्यांत जवळजवळ प्रत्येक आरोपीनं केलेल्या बचावाचा गाभा होता. उत्तर ऐकायला त्रास होतो.

हँबुर्गची १०१ क्रमांकाची राखीव पोलीस तुकडी. मध्यम वयाचे, बायका-मुलं असलेले कामगार आणि कारकून. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या यूझेफूफ गावात त्यांना सुमारे १,५०० ज्यूंना मारायचा हुकूम आला. त्यांचा प्रमुख मेजर ट्राप सकाळी रडवेला होऊन म्हणाला, ज्या वयस्कर माणसांना हे जमणार नाही त्यांनी पुढे यावं. सुमारे पाचशे जणांतून डझनभरच पुढे आले. त्यांना बंदुका खाली ठेवायला सांगितल्या. शिक्षा झाली नाही. निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून कुणा जर्मनाला ठार केलं, असं एकही प्रकरण बचावाच्या वकिलांना न्यायालयात सिद्ध करता आलं नाही.

उरलेले मागे हटले नाहीत ते सोबत्यांत वाईट दिसू नये म्हणून, बढतीसाठी, सवयीनं. काही जण नाझी विचारांवरच्या विश्वासानं.

आणि केतकीताई, तुमच्या रेल्वेच्या मुद्द्याला एक कागद. ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचं जर्मन रेल्वे भाडं लावत असे, तिसऱ्या वर्गाचं, एकेरी. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. ४०० च्या वर माणसं असली की गटाची सवलत. राखणदारांचं भाडं मात्र येण्याजाण्याचं. मुलांना हे दर वाचायला द्या आणि विचारा, हे पत्रक बनवणाऱ्यानं कुणाला मारलं का?

---

वाटसरू | गुरुवार, सकाळी ८:४५

बंगाल शिकवा हा माझा आग्रह कायम आहे, आणि ताईंची कसोटीची कल्पना त्यासाठी उपयोगी पडेल. एक भर घालतो. रोमा लोकांना विसरू नका. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेलेले हे लोक. नाझींनी त्यांतले किमान दोन लाख मारले, काही अभ्यासक पाच लाखांपर्यंत धरतात. पश्चिम जर्मनीनं हा वंशसंहार होता हे अधिकृतपणे मान्य करायला १९८२ उजाडलं. आपल्याकडे भटक्या-विमुक्तांना ज्या नजरेनं बघतात ती नजर मुलांना इथे लगेच ओळखू येईल.

---

केतकी_करवीर | गुरुवार, रात्री ९:५५

वाटसरूदादा, रोमांचा वेगळा भाग घेतला आहे. मनापासून आभार.

आराखडा असा झाला. पहिल्या तासाला महावीर उद्यानातल्या स्तंभाचा फोटो आणि दोन रेषांचा नकाशा. दुसऱ्याला १९३३ ते १९४२ च्या पायऱ्या, मास्तरांचं गणिताचं उदाहरण आणि रेल्वेचे दर. तिसऱ्याला कोर्चाक, आणि नकार देणारे: ते डझनभर पोलीस, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांहून जास्त ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवणारे डेन्मार्कचे लोक. चौथा तास मुलांचा. त्यांनी घरी विचारून आणलेलं ऐकायचं, सिंध, बंगाल, पालं, जे येईल ते.

साक्षींसाठी जर्मनीतलं आरोल्सन अभिलेखागार (नाझींच्या बळींची कागदपत्रं) आणि याद वाशेम या इस्रायलमधल्या हॉलोकॉस्ट स्मारक-संस्थेची नावांची सूची चाळते आहे. दोन्ही घरबसल्या फुकट बघता येतात. याद वाशेमनं आतापर्यंत जवळपास ५० लाख नावं गोळा केली आहेत. रूव्ने गावाच्या नावानं शोधलं की पानंच्या पानं उघडतात, वय आणि व्यवसायासकट. शिंपी, शिक्षिका, विद्यार्थी. अभिलेख सर, सोसेंकीत मारल्या गेलेल्या एखाद्या शाळकरी मुलीच्या नोंदीचं मराठी करून टाकते, तपासून द्याल का? आणि गांधीनगरकर, रविवारी दुपारी चालेल?

---

गांधीनगरकर | गुरुवार, रात्री १०:१०

चालेल. चारनंतर या, तोवर मंडळी उठलेली असतात. के.एम.टी.च्या बसनं येणार असाल तर थांब्यावर घ्यायला येतो.

---

संभा_उचगाव | गुरुवार, रात्री १०:२२

म्या बी येतो ताई. कॅम्पातल्या जुन्या बराकी कुठं कुठं हुत्या ते आज्ज्यानं दाखवलेलं हाय, नकाशात घालाया उपयोगी पडंल.